खतावणीपासून खातेदाराच्या दारापर्यंत



राहात्यात लेखापरीक्षणावर बोलायचं तर सुरुवात लोणीपासून करावी लागते. याच तालुक्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल उभं केलं आणि 1950-51 च्या हंगामात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना गाळपाला लागला. कारखान्याची उभारणी चालू होती, त्याच काळात, 1 जुलै 1949 रोजी, आपली सनदी लेखापाल संस्था स्थापन झाली. कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ. पुण्यात अर्थशास्त्राची संस्था चालवणारा हा माणूस. नुसता सल्ला देऊन परत गेला असता, तर कोणी बोल लावला नसता. त्यांनी अध्यक्षपद घेतलं आणि सभासदांना उत्तर देण्याची जबाबदारीही घेतली. सल्लागाराचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

उत्तर देण्याची ही जबाबदारी मला कुठे कळली, ती लेखापरीक्षणाच्या उमेदवारीतली एक गोष्ट सांगतो. एका पतसंस्थेच्या तपासणीला आम्ही गेलो होतो. कीर्द, खतावणी, तेरीज, सगळं पैशापर्यंत जुळलं. पिग्मीच्या, म्हणजे रोज थोड्या थोड्या गोळा होणाऱ्या, ठेवींवर मी हिरवी खूण करून मोकळा झालो. दुपारी चहाला बाहेर पडलो, तर पेरू विकणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, ‘दादा, माझे पैसे नीट आहेत ना?’ त्यांनी पदराच्या गाठीतून कार्ड काढलं. कार्डावर रोजच्या वसुलीच्या सह्या होत्या. खतावणीत त्यांतल्या चार महिन्यांची रक्कमच नव्हती. माझ्या वरिष्ठांनी हातातला कप खाली ठेवला आणि संध्याकाळपर्यंत आम्ही बाजारात दुकानोदुकानी कार्डं मागत हिंडलो. त्यांनी विशेष अहवाल लिहिला. माझी हिरवी खूण मात्र कागदावर तशीच होती, आणि ती मी अजून विसरलेलो नाही.

संस्थेने लिहिलेली वही संस्थेच्याच दुसऱ्या वहीशी जुळली, तर त्यातून लिहिणाऱ्याची शिस्त कळते. पैसे पोचले की नाही, ते खातेदाराच्या हातातला कागदच सांगतो. आणि पैसे पोचले, तरी ते सुरक्षित राहतीलच असं नाही. आपल्या जिल्ह्याने 4 ऑक्टोबर 2023 रोजी नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द झालेला पाहिला. ती बँक होती, म्हणून ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचा आधार तरी होता. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा लागू नाही. तिथे मावशींच्या पैशाची राखण करणाऱ्यांत आपण आहोत, आणि गैरव्यवहार दिसला तर विशेष अहवाल देऊन फिर्यादीपर्यंत जाण्याचं काम सहकार कायद्याच्या कलम 81 ने आपल्यावरच टाकलं आहे.

आता थोडं कडू बोलतो. एप्रिलमध्ये संस्थेचे हिशेब आपल्याच कार्यालयात लिहायचे, मे महिन्यात कर्जवसुलीचा सल्ला द्यायचा आणि जुलैमध्ये त्याच ताळेबंदावर लेखापरीक्षक म्हणून सही करायची, ही रीत तालुक्यांच्या गावी रुळली आहे. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 144 कंपनीच्या लेखापरीक्षकाला तिचे हिशेब लिहायला आणि व्यवस्थापनाची कामं करायला मनाई करतं. त्यामागचं कारण पतसंस्थेलाही तितकंच लागू पडतं. ज्या वसुलीचा सल्ला आपण दिला, तिची थकबाकी आपणच कशी तपासणार? गावात जाणकार माणसं मोजकी असतात, ही अडचण खरी आहे. पण शेजारच्या कोपरगावात, श्रीरामपुरात, संगमनेरात आपलेच व्यवसायबंधू बसले आहेत. तुम्ही सल्ला देता त्या संस्थांचं लेखापरीक्षण त्यांना द्या, त्यांच्याकडचं तुम्ही घ्या. फी थोडी कमी होईल. सल्ला हे मानाचं काम आहे, आणि अनेक संस्था वेळेवर मिळालेल्या सल्ल्याने तरल्या आहेत. मात्र एका संस्थेत एकाच भूमिकेत राहा. या बाबतीत मला मधली वाट मान्य नाही.

उमेदवारी करणाऱ्या तरुण मित्रांनो, मुंबई-पुण्यातल्या मोठ्या फर्म तुम्हाला बोलावतील. जरूर जा, तिथलं कसब शिका. परत आलात तर इथे तुमची वाट पाहणारे सभासद आहेत.

आणि इथे बसलेल्या प्रत्येक लेखापरीक्षकाला माझी विनंती आहे. येत्या मार्चअखेरच्या तपासणीत, संस्था कितीही ओळखीची असो, किमान पन्नास खातेदारांची पासबुकं आणि पिग्मी कार्डं त्यांच्या दारात जाऊन पाहा. कोणाकडे जायचं ती नावं संस्थेला आधी कळवू नका. आणि उमेदवारांना एकटं पाठवू नका, स्वतः सोबत जा.