उलटा त्रिकोणही त्रिकोणच

(जुळे सोलापूर येथे बालवाडी सेविकांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मला गणितावर बोलायला सांगितलंय. मी धर्मशास्त्राच्या पदविकेला गेले तेव्हा सर्वांत मोठा आनंद गणित सुटल्याचा होता! त्यामुळे मोठी गणितं माझ्याकडून अपेक्षू नका. मला एका मुलीचं सांगायचंय.

काही वर्षांपूर्वी एका पारधी वस्तीवर मी पुठ्ठ्याचे आकार घेऊन बसले होते. पाच वर्षांच्या मुलीपुढे त्रिकोण धरला, त्याचं टोक खाली होतं. ती गप्प. मी टोक वर केलं. लगेच म्हणाली, "पाल!" मला आधी भिंतीवरची पाल वाटली. मग कळलं, ती राहते ते पाल. मी म्हटलं, "त्रिकोण म्हणायचं," आणि वहीत तिच्या नावापुढे फुली मारली.

परत येताना वाटेत त्या वस्तीकडे वळून पाहिलं. प्रत्येक पालाचं तोंड म्हणजे दोन तिरक्या कडा आणि खाली जमीन. मुलीनं आकार अचूक ओळखला होता. तिच्याजवळ नव्हता तो फक्त आपला मराठी शब्द, कारण घरी ती पारधी बोलते. शब्द येत नाही म्हणजे समजत नाही, असं आपण धरून चालतो. मग 'गणितात कच्ची' हा शिक्का बसतो, आणि असा शिक्का बसलेलं मूल दुसरी-तिसरीत शाळेकडे फिरकेनासं होतं. माझी फुली तिथवर पोचू शकत होती.

टोक खाली असताना ती गप्प का झाली? पाल उलटं उभं राहत नाही, हे एक. पण आपले तक्तेही तेच शिकवतात. त्यांत त्रिकोण कायम सपाट बसलेला, तिन्ही बाजू सारख्या. मुलाला वाटतं, टोक वर असणं हीच त्याची खूण. चौरस कोपऱ्यावर उभा करून बघा, मुलं म्हणतील शंकरपाळी! म्हणून लांबोडके, बारीक, कलंडलेले त्रिकोण दाखवा. एक बाजू वाकडी असलेला, एक कोपरा उघडा राहिलेला असेही द्या आणि विचारा, "हा त्रिकोण का नाही?" बरोबर उत्तरापेक्षा "कशावरून?" याचं उत्तर महत्त्वाचं, मग ते मूल कोणत्याही भाषेत देवो.

यासाठी विकतचं साहित्य लागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ होत्या. १९५७ मध्ये ते केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. आणि वारली चित्रातला माणूस आठवा. वरचा त्रिकोण टोक खाली, खालचा टोक वर, दोन्ही टोकं कमरेपाशी जुळलेली. उलटा त्रिकोण त्या मुलांच्या घरच्या भिंतीवर आधीपासून होता.

आपल्याकडे ज्वारीचा कडबा आहे. तीन ताटं सुतळीनं टोकाला बांधा, दाबून बघा. आकार हलत नाही. सारखी चार बांधा, चौकोन लगेच तिरका होतो. मुलांना विचारा, घट्ट कसा करायचा? कुणीतरी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाचवं ताट लावेल. तेवढ्याच लांबीचं ताट सरळ चौकोनात पुरत नाही, लांब लागतं, हे त्यांचं त्यांना सापडू द्या. घाईनं सांगून टाकू नका, तो मोह मला अजून आवरत नाही. मग पत्र्याच्या छपराखालची कैची दाखवा, विजेचा मोठा मनोरा दाखवा, त्यातले त्रिकोण मोजायला लावा.

त्या मुलीकडे मी पुढच्या आठवड्यात ताटं घेऊन गेले होते. वस्तीवर तिचं पाल नव्हतं. घरचे कामाच्या शोधात पुढे गेले होते. वहीतली फुली मी खोडली, पण ते तिला कळलेलं नाही.

बाहेर व्हरांड्यात कडब्याची पेंढी ठेवली आहे. प्रत्येकीनं दहा ताटं आणि थोडी सुतळी घ्या. चहा येईपर्यंत आपणच बांधून बघू.