वर्षावास आणि बदलता पाऊस



पावसात हिंडणाऱ्या भिक्खूंच्या पायाखाली कोवळे गवत आणि जीवजंतू तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आली, म्हणून भगवंतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे विनयपिटकात आहे. नियमाला आधार ऋतूचा होता. आज त्या ऋतूचीच घडी विस्कटू लागली आहे, म्हणून हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरू शकते. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून माणसाने पृथ्वी एक अंशाहून अधिक तापवली आहे. मग पाऊस वाढून सुबत्ता येईल, असे कुणी म्हणेल. तसे होत नाही. पाऊस पडतो तेव्हा कोसळतो आणि मध्ये दडी मारतो. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. हंगामाचा एकूण पाऊस मात्र घटला. हवामान खात्याने 2020 मध्ये मुंबईतून मान्सून परतण्याची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर नेली. म्हणजे काढणीच्या तोंडावरही पाऊस डोक्यावर.

सरासरी हा शब्द मोठा फसवा आहे. कागदावर तालुक्यात शंभर टक्के पाऊस; पण तो चार दांडग्या सरींत पडला तर पेरणी वाहून जाते. ज्याच्या नावे सातबारा आहे, त्याला भरपाईची थोडी तरी आशा असते. आपल्या भूमिहीन आयाबहिणींची लावणीची, खुरपणीची बुडालेली मजुरी कोणत्या पंचनाम्यात लिहिली जाते?

ज्या महाडला 1927 साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह केला, ते महाड जुलै 2021 मध्ये पुरात बुडाले. त्याच तालुक्यात तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. एकाच पुराचे खापर तापमानवाढीवर फोडणे शास्त्राला धरून नाही, हे आम्ही जाणतो. पण असे पाऊस वाढणार असतील, तर नाल्याकाठची, डोंगरउताराची वस्ती कुणाची असते, हे आपणास सांगायला नको.

बाबासाहेब 1942 ते 1946 मध्ये मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेत त्यांनी पूर, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार केला. ती दृष्टी आपल्याकडे आहे. तेव्हा मंडळाच्या प्रत्येक शाखेने या वर्षावासात एक वही घालावी. वस्तीत पाणी कुठवर चढले, मजुरी किती दिवस बुडाली, याची तारीखवार नोंद करावी आणि ग्रामसभेला जाताना ती वही सोबत न्यावी.