एका घरातल्या दोन नाती

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



टँकरचे दिवस, येळगाव धरणाचे पाणी, रस्त्यासाठी नगरपालिकेत घातलेल्या खेटा, हे सगळं सचिवांनी सांगितलंच. मला पोरांबद्दल बोलायचं आहे. मोकळ्या प्लॉटवर क्रिकेट खेळून आपल्या काचा फोडणारी हीच पोरं. बुलडाण्याला रेल्वे नाही, म्हणून त्यांना मलकापूरला नेऊन गाडीत बसवून दिलं. काही पुण्यात थांबली, काही अमेरिकेत गेली. आता त्यांची मुलं तिकडे मोठी झाली आहेत आणि 'पुढे काय शिकणार?' हा प्रश्न आपण व्हिडिओ कॉलवर विचारतो.

परदेशात वाढलेलं मूल मनाला येईल ते करतं, असा आपला समज. लिओ वराडकरांचं उदाहरण सगळे देतात. वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर, आई आयरिश परिचारिका. लिओ १९७९ साली डब्लिनला जन्मले. आधी तेही डॉक्टरच झाले. पहिलं शिक्षण घरच्या धंद्याचं, हे आपल्याकडच्यासारखंच! मग २००७ साली संसदेत निवडून आले आणि २०१७ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आयर्लंडचे पंतप्रधान झाले. डॉक्टरकी सोडून राजकारणात जाताना त्यांना घरच्यांची समजूत काढावी लागली असेल-नसेल, पण 'या देशात राहू द्याल का?' असं कुणाला विचारावं लागलं नाही. जन्म तिथला होता.

माझ्या दोन नाती आहेत. थोरली इथे बुलडाण्यात जन्मली, चार वर्षांची असताना गेली. धाकटी न्यू जर्सीत जन्मली. घर एक, शाळा एक, रात्रीचं वरण-भात एक. पण धाकटी अमेरिकन नागरिक आहे आणि थोरली वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून. त्या व्हिसावर तिला सुट्टीत दुकानात कामसुद्धा करता येत नाही. वय २१ झालं की तो आधार संपतो. मुलाने ग्रीन कार्डाचा अर्ज केव्हाच केलाय. पण नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात, त्यात बायका-मुलंही मोजतात, आणि एका देशाच्या वाट्याला सुमारे ७ टक्के. आपली माणसं तिकडे किती, ते तुम्हाला ठाऊक आहे. रांग कशी हलणार?

थोरलीला इतिहासाचं वेड. मागे आली तेव्हा दोन दिवस मला सिंदखेडराजाला फिरवलं. लखुजीराजांच्या वाड्यात एकेक दगड बघत बसली, माझे गुडघे बोलायला लागले तरी हिचं संपेना. कॉलेजात मात्र तिने संख्याशास्त्र घेतलं. मी विचारलं, तर म्हणाली, "आबा, इतिहास शिकले तर शिक्षणानंतर नोकरीसाठी एकच वर्ष मिळतं. याला तीन." खरंच आहे. आजच्या नियमानुसार परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर १२ महिने काम करता येतं; विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित यांतलं काही शिकला असेल तर आणखी २४ महिने. पंधरा वर्षं तिथे राहिलेली, मराठीपेक्षा इंग्रजी सफाईने बोलणारी ही मुलगी कागदावर परदेशी विद्यार्थीच होणार.

धाकटीला नाटकात काम करायचंय. तिला कुणी अडवत नाही. थोरली तिच्या तालमीला जाते, टाळ्या वाजवते. त्या टाळ्यांबद्दल सूनबाई आमच्या हिच्याशी फोनवर बोलतात, माझ्याशी नाही.

बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे मला मुदत आधी दिसते. आपल्यापैकी ज्यांची मुलं लहान लेकरं घेऊन आता निघाली आहेत, त्यांनी पगाराचा आकडा जरूर विचारा, पण लेकराचं वय आणि ग्रीन कार्डाच्या अर्जाची तारीख हेही विचारा. अर्ज पहिल्याच वर्षी टाकायला कंपनी तयार आहे का, हे निघण्याआधी विचारून घेता येतं. लेकरू चार वर्षांचं असेल तर हातात सतरा वर्षं आहेत, दहाचं असेल तर अकराच.

थोरलीचा विद्यार्थी व्हिसाचा अर्ज सध्या चालू आहे. तो चालू असताना देश सोडला तर अर्ज बाद होतो, म्हणून ती या कार्यक्रमाला येऊ शकली नाही. धाकटी आली आहे, ती बघा, तिसऱ्या रांगेत. तिच्याशी मराठीतच बोला, तिला समजतं.