पांच फुटांची सावली



परक्या शहरीं गेल्यावर पहिल्या सकाळीं तेथील मंडईंत जावें, असा माझा नेहमींचा शिरस्ता आहे. प्रेक्षणीय स्थळें पाहुण्यांची वाट पाहत असतात. मंडईला पाहुण्याची फारशी पर्वा नसते. तिला घरोघरच्या दुपारच्या जेवणाची चिंता असते, आणि म्हणूनच तिच्यांत शहराचें खरें बोलणें ऐकूं येतें. आज मी आपणांस चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील शियामेन ह्या बंदराच्या बाजारांतून हिंडवून आणणार आहें. जुन्या इंग्रजी नकाशांत हेंच शहर 'अमॉय' ह्या नांवानें आढळतें. फूच्येन प्रांतांतील हें बंदर मूळचें एका बेटावर वसलेलें असून त्याच्या पूर्वेस सामुद्रधुनीपलीकडे तैवान आहे.

जुन्या वस्तींत, समुद्रापासून हांकेच्या अंतरावर, येथील प्रसिद्ध मंडई भरते. तिला कोणा थोर पुरुषाचें नांव लाभलेलें नाहीं. 'पा-शी' म्हणजे 'आठवा बाजार', एवढीच तिची ओळख. अरुंद गल्ल्यांच्या दोहों बाजूंस टोपलीं आणि पसरट भांडीं मांडलेलीं असतात. त्यांत रबरी नळ्यांनीं हवा खेळवलेली असते, आणि कोळंबी, खेकडे, वाम, शिंपल्या असा सारा दर्यावर्दी परिवार जिवंतपणीं गिऱ्हाइकाची वाट पाहत असतो. एका कडेला बसून कालवें सोलणाऱ्या बायांचे हात पाहावे. आपल्या कोळणींची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. माप 'चिन' ह्या वजनाचें. एक चिन म्हणजे 500 ग्रॅम, आपल्या जुन्या अच्छेराहून किंचित् अधिक. पैसे मात्र नव्या रीतीनें द्यावयाचे. प्रत्येक टोपलीजवळ काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन टांगलेला असतो. गिऱ्हाईक त्यावर आपला भ्रमणध्वनि धरतें आणि व्यवहार पुरा होतो. सुट्या नाण्यांची कटकट गेली. भावाची घासाघीस मात्र जशीच्या तशी उरली आहे.

मंडईंतून निघून थोडें चाललें कीं चुंगशान मार्ग लागतो. चिनी प्रजासत्ताकाचे जनक सुन यत्-सेन ह्यांच्या चुंगशान ह्या नांवावरून त्यास हें नांव मिळालें. हा रस्ता थेट समुद्रापर्यंत जातो. त्याच्या दोहों बाजूंच्या इमारतींची घडण लक्षांत ठेवण्याजोगी आहे. खालीं दुकान, वर बिऱ्हाड. परंतु वरचा मजला पुढें येऊन खांबांवर टेकलेला, आणि त्याच्याखालून लोकांची ये-जा चाललेली. ह्या इमारतींस 'छी-लौ' म्हणतात, म्हणजे 'स्वार झालेलें घर'. पायवाटेवर घरानें मांड ठोकलेली आहे, अशी ती कल्पना!

ह्या ओसरीस स्थानिक बोलींत दुसरेंही एक नांव आहे, आणि तें मलायी भाषेंतून आलेलें आहे. 'काकी लिमा', म्हणजे पांच फूट. 1822 सालीं रॅफल्सनें सिंगापूर शहराची आखणी ठरविली, तेव्हां प्रत्येक घरापुढें सलग आणि सर्वांस खुली अशी छपरी ओसरी असावी, असा नियम त्यानें घातला. जागा घरमालकाची, पण वाट सर्वांची. पुढें इंडोनेशियांत 'काकी लिमा' हा शब्द फेरीवाल्यांच्या नांवास जोडला गेला, ह्यांत कांहीं नवल नाहीं. ज्याला दुकान नाहीं त्याला ओसरीचाच आधार!

सिंगापूरची ही रीत शियामेनला कशी आली? ती माणसांबरोबर आली. फूच्येनची भूमि डोंगराळ, शेती थोडी. पिढ्यान् पिढ्या येथील तरुण गलबतांत बसून सिंगापूर, मलाया, जावा आणि फिलिपाइन्स गांठीत. तिकडून ते घरीं पत्र आणि पैसा एकत्र पाठवीत. ह्या पत्रांस 'छ्याओ-फी' म्हणतात. 2013 सालीं युनेस्कोनें जगाच्या स्मृति-वारशांत त्यांची नोंद केली. 1920 नंतरच्या दीड-दोन दशकांत जुन्या अंधाऱ्या गल्ल्या फोडून नवे रस्ते काढण्यांत आले, त्यांत ह्या परदेशस्थांच्या पैशाचा मोठा वांटा होता. त्यांच्यापैकींच तान का की ह्या रबराच्या व्यापाऱ्यानें 1921 सालीं शियामेन विद्यापीठ स्थापन केलें. मंडईजवळच्या खानावळींत शेवयांवर जो शेंगदाण्याचा दाट, मसालेदार रस्सा वाढतात, त्याचें नांवसुद्धां 'साते' ह्या जावा-मलायाकडील पदार्थावरून आलेलें आहे. दूर गेलेल्या मुलानें घरीं पैसा धाडला, ओसरी धाडली आणि चवही धाडली!

आतां एक लहानसा प्रसंग सांगतों. चुंगशान मार्गावर हिंडत असतां अवचित जोराचा पाऊस आला. मी एका चहाच्या दुकानापुढील ओसरींत शिरलों. म्हातारा दुकानदार मुठीएवढ्या किटलींतून चहा गाळीत बसला होता. त्यानें बोटभर उंचीची एक वाटी माझ्यापुढें सरकविली. मला त्याची भाषा येत नव्हती, त्याला माझी. चहा होता जवळच्या आन्शी तालुक्यांतला 'थ्ये-ग्वान-यिन'. ह्यांतील ग्वानयिन म्हणजे बौद्धांचा अवलोकितेश्वर, जो चीनमध्यें करुणेची देवी झाला. तीन वाट्या झाल्या, पाऊस थांबला. मी कांहीं विकत घ्यावें, असें त्यानें खुणेनेंही सुचविलें नाहीं.

मी उठलों, पण मनाला एक गोष्ट बोचूं लागली. ह्या बोलींत चहाला 'ते' म्हणतात. डच व्यापाऱ्यांनीं तोच शब्द युरोपांत नेला आणि त्याचाच इंग्रजींत 'टी' झाला. आपला 'चहा' हा 'चा' ह्या दुसऱ्या चिनी उच्चाराच्या कुळांतला. चीननें आम्हांस पेय दिलें आणि त्याचें नांवही दिलें. आणि आमच्या मुंबईनें ह्या किनाऱ्यास काय पाठविलें? एकोणिसाव्या शतकांत माळव्यांत पिकलेली अफू मुंबई बंदरांतून जहाजांवर चढे आणि चीनच्या किनाऱ्यावर उतरे. चिनी दरबारानें ती बंद करूं पाहिली, तेव्हां इंग्रजांनीं युद्ध आरंभिलें. 1841 च्या ऑगस्टांत त्यांच्या आरमारानें ह्याच अमॉयवर तोफा डागल्या, आणि 1842 च्या नानकिंगच्या तहानें जीं पांच बंदरें परकी व्यापारास उघडावीं लागलीं त्यांत हेंही होतें. मुंबईच्या कित्येक पेढ्या त्या व्यापारावर गबर झाल्या. त्या शहरांतून आलेल्या माणसास येथें पावसांत निवारा आणि गरम चहा मिळावा, आणि तोही विनामूल्य! म्हाताऱ्याला हा हिशेब ठाऊक असेल वा नसेल. मला तो विसरतां आला नाहीं.

आज चुंगशान मार्गावर प्रवाशांची दाटी असते, आणि पुष्कळशा दुकानांतून त्याच त्या भेटवस्तूंच्या पेट्या रचलेल्या दिसतात. गल्लीबोळांतील जुन्या दुकानांपुढें मात्र अजून म्हाताऱ्या बाया वेताच्या खुर्च्या टाकून भाजी निवडीत बसतात, मुलें खांबांभोंवतीं शिवाशिवी खेळतात, आणि कोणी त्यांना हटकीत नाहीं. ही खुर्ची ज्या दिवशीं उठेल, त्या दिवशीं इमारती जागच्या जागीं राहतील, पण रस्ता परका होईल.

आपल्या मुंबईंतही दादाभाई नौरोजी मार्गावर कमानींखालून जाणारी अशीच सावलीची वाट आहे. पुढच्या पावसांत तेथें उभे राहण्याचा प्रसंग आला, तर ज्यानें आपल्या दारापुढची एवढी जागा वाटसरूंसाठीं सोडली, त्याची क्षणभर आठवण करा. आणि शेजारीं कोणी परदेशस्थ भिजत उभा असेल, तर थोडें सरकून त्यालाही जागा द्या. आमच्याकडून एवढी फेड तरी व्हावयास हवी.