शिक्षणाची तुलना आणि फूटपट्टी
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



देशोदेशींच्या शाळांची तुलना करणारे एक शास्त्र आहे. त्याला तौलनिक शिक्षणशास्त्र म्हणतात. मार्क-अँत्वान ज्युलियाँ या फ्रेंच विचारवंताने १८१७ साली त्याची रूपरेषा मांडली. पुढे झाले काय, तर युरोप-अमेरिकेची शाळा हीच फूटपट्टी ठरली आणि बाकीचे देश तिच्यापुढे किती कमी पडतात एवढेच मोजले गेले. आता फूटपट्टी ज्याच्या हातात, तो स्वतःला कधी मोजतो का?

ही रीत मोडणारे एक उदाहरण आम्ही आपल्यापुढे ठेवतो. जोसेफ टोबिन, डेव्हिड वू आणि डाना डेव्हिडसन या संशोधकांचे पुस्तक १९८९ साली निघाले. त्यांनी जपान, चीन आणि अमेरिका इथल्या एकेका बालवाडीतला दिवस चित्रित केला. जपानची बालवाडी क्योटो शहरात, एका बौद्ध मंदिराच्या आवारात होती. मग त्या फिती त्यांनी तिन्ही देशांतल्या शिक्षकांना आणि पालकांना दाखवल्या आणि विचारले, तुम्हाला काय वाटते?

क्योटोत एका बाईंकडे तीसेक मुलं. एक मुलगा दंगा करतो, दुसऱ्यांना मारतो, पण बाई चटकन मध्ये पडत नाहीत. अमेरिकनांना वाटले, मुलं फार आणि बाईंचे लक्ष नाही. जपानी शिक्षकांचे म्हणणे असे, की भांडण मुलांनी आपसात मिटवावे. चार जणांत कसे राहावे हे त्यातूनच कळते. उलट अमेरिकेतला छोटा वर्ग पाहून त्यांनाच वाईट वाटले. म्हणजे एकाला जी उणीव दिसली, ती दुसऱ्याने विचार करून ठेवलेली रीत होती. नुसती पटसंख्या मोजून हे कधीच कळले नसते.

पण मित्रांनो, इथे सावध राहिले पाहिजे. पाश्चात्त्य माप नको, असे म्हणता म्हणता काही मंडळी आपल्या जुन्या परंपरेचा उदोउदो सुरू करतात. त्याच परंपरेने आपल्या आज्या-पणज्यांना अक्षर शिवू दिले नव्हते, हे आम्ही कसे विसरू? दुसरी गोष्ट. २०१० साली तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेशची मुलं 'पिसा' या जागतिक परीक्षेला बसली आणि ७४ जणांच्या यादीत अगदी तळाला आली. प्रश्न आपल्या मुलांच्या ओळखीचे नव्हते, असे सरकारी खुलाशात सांगितले गेले. असेलही. पण पोराला वाचता येत नसेल, तर तो दोष परक्या फूटपट्टीवर ढकलून कसा चालेल?

मग करायचे काय? ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांना आधी विचारायचे. आपल्यातली जी मुलं-मुली उद्या संशोधन करतील, त्यांनी परदेशी शाळा जरूर पाहाव्यात. त्यांच्या नजरेने आपली शाळा आणि आपल्या नजरेने त्यांची शाळा तपासावी. आणि आपल्या वस्तीतल्या शाळेत गेल्यावर शेवटच्या बाकावरच्या पोराला, त्याच्या आईलाही विचारावे, की बाई, तुम्हाला ही शाळा कशी वाटते? त्या माउलीचे उत्तर ज्यात नाही, ती तुलना अपुरीच राहील.