अमेरिकेतले पक्ष आणि मतदार
(साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



मागच्या आठवड्यात वर्गात वर्तमानपत्राचं वाचन चाललं होतं. एक आजोबा शब्दांवर बोट ठेवून वाचत होते. 'अमेरिका', 'अध्यक्ष', 'निवडणूक' असे तीन शब्द त्यांनी लावले आणि मान वर करून आम्हांला विचारलं, "तिकडंबी आपल्यासारखंच मत टाकत्यात का? आणि पक्ष किती हायेत तिकडं?"

प्रश्न चांगला होता. उत्तर मात्र दोन शब्दांत देण्यासारखं नव्हतं. म्हणून आज ते सगळ्यांनाच सांगतो.

कारभार कसा चालतो

अमेरिका हा पन्नास राज्यांचा देश आहे. तिथली राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली आणि १७८९ पासून तिच्याप्रमाणे कारभार सुरू झाला. कायदे करणाऱ्या सभेला तिथं 'काँग्रेस' म्हणतात. हे पक्षाचं नाव नव्हे, बरं का! आपल्या संसदेसारखी ती सभा आहे.

या सभेचे दोन भाग आहेत. एक प्रतिनिधिगृह. त्यात ४३५ सभासद असतात आणि ते दर दोन वर्षांनी निवडले जातात. दुसरा भाग सिनेट. तिथं प्रत्येक राज्याचे दोन, असे १०० सभासद. राज्य मोठं असो की लहान, सभासद दोनच. ते सहा वर्षांसाठी निवडून येतात.

अध्यक्षाची निवडणूक वेगळी. ती दर चार वर्षांनी होते. १९५१ पासून तिथं असा नियम आहे की, कोणालाही दोनदापेक्षा जास्त वेळा अध्यक्ष म्हणून निवडून येता येत नाही.

आता आपल्याकडचं आठवा. लोकसभेत ज्याच्या मागं बहुमत, तो पंतप्रधान. बहुमत गेलं की खुर्ची गेली. अमेरिकेत तसं नाही. अध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेसमध्ये बहुमत दुसऱ्या पक्षाचं, असं पुष्कळदा होतं. तरी अध्यक्ष आपली चार वर्षं पुरी करतो.

मग एका गाडीचे दोन बैल दोन दिशांना ओढू लागले तर? दोघांना जमवून घ्यावं लागतं. काँग्रेसनं मंजुरी दिल्याशिवाय अध्यक्षाला खर्चाला पैसा मिळत नाही. काँग्रेसनं केलेला कायदा अध्यक्ष सही न करता परत पाठवू शकतो. भांडण फारच वाढलं, तर पैशाअभावी सरकारी कचेऱ्या काही दिवस बंद पडतात. असं तिथं अनेकदा घडलं आहे.

गाढव आणि हत्ती

गंमत अशी की, अमेरिकेच्या घटनेत पक्षांचा उल्लेखच नाही. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी तर १७९६ साली लोकांचा निरोप घेताना इशारा दिला होता की, पक्षांच्या भांडणात देशाचं नुकसान होईल. पण माणसं एकत्र आली की मतं वेगळी पडतात. सारख्या मताची माणसं गट करतात. अशा गटांतूनच पक्ष झाले.

आज तिथं दोन मोठे पक्ष आहेत. एक डेमोक्रॅटिक, दुसरा रिपब्लिकन. लहान पक्षही आहेत, पण त्यांचे लोक क्वचितच निवडून येतात. डेमोक्रॅटिक पक्षाची खूण गाढव आणि रिपब्लिकन पक्षाची हत्ती. दीडशे वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रांतून या खुणा लोकांच्या तोंडी बसल्या. गाढव म्हटल्यावर तिथं कोणी रागावत नाही!

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षांना चिन्हं दिली, कारण बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं. अमेरिकेत साधारणपणे नाव वाचूनच खूण करायची असते. आणि तिथली मतपत्रिका असते लांबलचक! अध्यक्षापासून शाळा समितीच्या सभासदापर्यंत अनेक जागांची नावं एकाच दिवशी पुढं येतात. काही राज्यांत न्यायाधीशही लोकच निवडतात.

तिकीट कोण देतं?

आपल्याकडे पक्षाचे पुढारी बसून तिकीट कोणाला द्यायचं ते ठरवतात. अमेरिकेत हे काम बहुतेक ठिकाणी मतदारच करतात. मुख्य निवडणुकीच्या आधी पक्षाची एक प्राथमिक निवडणूक होते. एकाच पक्षाचे चारपाच जण उभे राहतात. त्यांतला कोण पुढं जायचा, ते त्या पक्षाचे मतदार ठरवतात. काही राज्यांत कोणत्याही मतदाराला त्यात भाग घेता येतो. पुढं उन्हाळ्यात पक्षाचं मोठं अधिवेशन भरतं आणि अध्यक्षपदाचा उमेदवार जाहीर होतो.

मुख्य मतदानाचा दिवस कायद्यानं ठरलेला आहे. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. हा नियम १८४५ सालचा. तेव्हा बहुतेक लोक शेतकरी होते. नोव्हेंबरात सुगी उरकलेली असे. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचं. बुधवार पुष्कळ ठिकाणी बाजाराचा. मतदानाचं ठिकाण लांब, आणि घोडागाडीनं जायला दिवस मोडायचा. म्हणून मंगळवार बरा. तो मंगळवार आजही कायम आहे. मात्र आता पुष्कळ राज्यांत आधी जाऊन किंवा टपालानंही मत देता येतं.

मतं जास्त, तरी हार

आता नीट लक्ष द्या. अध्यक्षाला लोक सरळ निवडत नाहीत. प्रत्येक राज्याला काही निर्वाचक दिलेले आहेत. राज्याचे दोन्ही सभागृहांत मिळून जितके सभासद, तितके त्याचे निर्वाचक. राजधानी वॉशिंग्टन शहराचे तीन. सगळे मिळून ५३८. ज्याला २७० मिळाले, तो अध्यक्ष. २०२४ च्या निवडणुकीत कॅलिफोर्निया या मोठ्या राज्याचे ५४ होते, तर वायोमिंग या लहान राज्याचे तीन.

पन्नासांपैकी अठ्ठेचाळीस राज्यांत ज्याला जास्त मतं पडतील, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात. एका मतानं पुढं असला तरी सगळे त्याचेच! त्यामुळं कधी कधी उलटंच होतं. २००० साली अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली होती. पण फ्लोरिडा राज्यात जॉर्ज बुश पुढं गेले. किती मतांनी? साठ लाखांच्या आसपास मतं पडली होती, आणि त्यांत फरक फक्त ५३७ मतांचा! फेरमोजणीचा तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं मोजणी थांबवली आणि बुश अध्यक्ष झाले. २०१६ सालीही हिलरी क्लिंटन यांना मतं जास्त पडली आणि अध्यक्ष झाले डोनाल्ड ट्रम्प.

५३७ मतं म्हणजे काय? आपल्याकडच्या एका गावाची मतं. "आपल्या एका मतानं काय होतंय?" असं म्हणणाऱ्याला हा आकडा सांगावा.

बांध सरकवणं

शेताचा बांध रात्रीतून सरकवणारा शेजारी तुम्हांला माहीत आहे. अमेरिकेतही मतदारसंघांचे बांध सरकवतात! पुष्कळ राज्यांत मतदारसंघाच्या हद्दी राज्याचं विधिमंडळच आखतं. ज्या पक्षाचं तिथं बहुमत, तो आपल्या सोयीनं रेघा ओढतो. विरोधकांची गावं फोडून चार मतदारसंघांत वाटायची, नाहीतर सगळी एकाच मतदारसंघात कोंबायची. १८१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात गेरी नावाचे गव्हर्नर असताना असाच एक वेडावाकडा मतदारसंघ झाला होता. त्यांच्या नावावरून या लबाडीला तिथं नावच पडलं. आता कॅलिफोर्निया, ॲरिझोना अशा काही राज्यांत हे काम पक्षांकडून काढून वेगळ्या आयोगाकडं दिलं होतं. तरी भांडण मिटलेलं नाही.

अक्षरांची भिंत

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला, ती गोष्ट सांगतो. ती आपल्यासारख्याच एका वर्गाची आहे.

अमेरिकेत पूर्वी काळ्या लोकांना गुलाम करून ठेवलं होतं. गुलामगिरी वाढू नये म्हणून १८५४ साली रिपब्लिकन पक्ष निघाला. त्या पक्षाचे अब्राहम लिंकन १८६० साली अध्यक्ष म्हणून निवडून आले. मोठं यादवी युद्ध झालं आणि १८६५ साली गुलामगिरी संपली. १८७० साली घटनेत लिहिलं गेलं की, वर्णावरून कोणाचं मत नाकारू नये.

लिहिलं खरं, पण दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्या पुढाऱ्यांनी पळवाटा काढल्या. हे पुढारी बहुतेक डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. मत द्यायचं तर आधी कर भरा. मत द्यायचं तर आधी वाचून दाखवा. कारकून घटनेचं एखादं कलम पुढं टाकायचा आणि अर्थ सांगा म्हणायचा. गोऱ्याला सोपं कलम, काळ्याला अवघड. पास की नापास, तेही कारकूनच ठरवणार. काही ठिकाणी तर, ज्याच्या बापानं किंवा आजोबानं पूर्वी मत दिलं होतं, त्याला परीक्षा माफ! काळ्या माणसाचा आजोबा तर गुलाम होता. त्यानं मत कुठून दिलं असणार? ही आजोबांची अट न्यायालयानं १९१५ साली मोडून काढली. वाचनाची परीक्षा मात्र तशीच राहिली.

दक्षिण कॅरोलिना राज्यात जॉन्स आयलंड नावाचं एक बेट आहे. तिथं इसॉ जेंकिन्स नावाचे एक गृहस्थ आपली बस चालवायचे. बेटावरची काळी माणसं त्या बसनं चार्ल्सटन शहरात कामाला जात. वाटेत जेंकिन्स त्यांच्याकडून घटनेचं कलम पाठ करून घ्यायचे. बसमधल्या एका बाईंचं कलम पाठ झालं. पण त्यांचं समाधान होईना. त्या म्हणाल्या, पाठ नको, मला खरोखर वाचायला शिकवा.

मग जानेवारी १९५७ मध्ये बेटावर प्रौढांचा वर्ग सुरू झाला. पुढं किराणा दुकान, मागच्या खोलीत वर्ग. गोऱ्यांना संशय येऊ नये म्हणून ही युक्ती. शिकवायला बर्निस रॉबिन्सन नावाच्या बाई आल्या. त्या शिक्षिका नव्हत्या, बायकांचे केस विंचरून द्यायचा त्यांचा धंदा होता. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मी काही तुमची मास्तरीण नाही, आपण मिळून शिकू. आणि विचारलं, तुम्हांला काय शिकायचं आहे? उत्तरं आली : सही करता यावी, बायबल वाचता यावं, मनीऑर्डरचा कागद भरता यावा. मग त्यांनी तेच शिकवलं, आणि त्याबरोबर मतदार म्हणून नाव कसं नोंदवायचं तेही.

या कामामागं सेप्टिमा क्लार्क या जुन्या शिक्षिका होत्या. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचं सभासदत्व त्या सोडेनात, म्हणून १९५६ साली त्यांची नोकरी गेली होती. असे वर्ग पुढं दक्षिणेत गावोगाव निघाले आणि हजारो माणसं मतदार झाली.

पण भिंत अजून उभी होती. मार्च १९६५ मध्ये अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावी मताचा हक्क मागणाऱ्या लोकांना पुलावर पोलिसांनी झोडपलं. सगळ्या देशानं ते पाहिलं. ६ ऑगस्ट १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली. दक्षिणेतल्या त्या राज्यांत वाचनाची परीक्षा बंद झाली. मिसिसिपी राज्यात तोवर शंभर काळ्या प्रौढांत जेमतेम सात जणांचं नाव यादीत होतं. दोन वर्षांत ते साठाच्या घरात गेलं.

आता पाहा. जॉन्सन हे डेमोक्रॅटिक पक्षाचेच. ज्या पक्षाच्या लोकांनी भिंत बांधली, त्याच पक्षाच्या अध्यक्षानं ती पाडली. आणि त्या कायद्याला दोन्ही पक्षांच्या सभासदांनी मतं दिली. पक्षाचं नाव तेच राहतं, पण धोरण बदलतं. म्हणून मतदारानं नुसतं नाव पाहून थांबू नये.

आणि मिळालेला हक्कही राखावा लागतो. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्या कायद्याचा एक महत्त्वाचा भाग निकामी ठरवला. ६ जानेवारी २०२१ रोजी तर हरलेल्या अध्यक्षांच्या समर्थकांनी काँग्रेसच्या इमारतीवरच हल्ला केला. तरी त्याच रात्री सभासद परत जमले आणि पहाटेपर्यंत बसून त्यांनी निकालावर शिक्कामोर्तब केलं.

आपलं काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढं त्यांनी सायमन कमिशनपुढं मागणी केली की, प्रत्येक प्रौढाला मत द्या, त्याला शिक्षणाची अट घालू नका. आपली घटना झाली तेव्हा हीच गोष्ट तिच्यात आली. अंगठा उठवणाऱ्याचं मत आणि बॅरिस्टरचं मत सारखं.

म्हणजे आपल्याला मत आधी मिळालं, अक्षर नंतर आलं. जॉन्स आयलंडच्या माणसांना मतासाठी आधी अक्षराची भिंत चढावी लागली. रात्रीच्या दिव्यापाशी, दुकानामागं लपून, ती चढले.

आपल्याला लपायचं कारण नाही. मग आलेलं अक्षर कामाला लावू या. पुढच्या आठवड्यात गावची मतदार यादी वर्गात आणू. ज्यानं त्यानं आपलं नाव स्वतः शोधून वाचायचं. चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्जही स्वतःच लिहायचा. त्या आजोबांना आम्ही सांगितलं आहे, सुरुवात तुमच्यापासून!