‘बहुधा’ या शब्दाचा कोड

मी पुण्यात मेडिकल कोडर आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांचे कागद वाचायचे आणि बिलासाठी त्यांचे आकड्यांत रूपांतर करायचे, हे आमचे काम. माझ्या सासूबाईंच्या मते मी ‘कॉम्प्युटरवर काहीतरी’ करते, आणि तेही काही चूक नाही!

तिकडे डॉक्टरांनी केलेल्या प्रत्येक कामाला पाच आकडी कोड असतो. ही यादी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची. १९६६ साली ती प्रथम निघाली. मानसोपचाराच्या पहिल्या तपासणीसाठी २०१३ पासून मुख्य कोड दोन. मानसशास्त्रज्ञाने बोलून, माहिती घेऊन निदान केले तर ९०७९१. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी त्याच वेळी शारीरिक बाजू पाहिली, औषधे लिहून दिली, तर ९०७९२. दोन्हींचे पैसे वेगळे. डॉक्टर तासभर रुग्णापाशी बसले असतील. पण कागदावर जे नाही, ते आमच्या लेखी घडलेच नाही.

हे तसे सोपे. रेंगाळायला होते ते निदानाच्या कोडपाशी. हे कोड आयसीडी नावाच्या यादीतले. तिची दहावी आवृत्ती अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाली.

समजा, एका तरुणाला रात्री इमर्जन्सी विभागात आणले. चार दिवस झोप नाही, बोलणे थांबत नाही, एका जागी बसवत नाही. डॉक्टर लिहितात, ‘बहुधा बायपोलर’. तपासून त्याला घरी पाठवले, तर नियम सांगतो की ‘बहुधा’चा कोड द्यायचा नाही. झोप न लागणे, अस्वस्थपणा, अशी दिसली तेवढी लक्षणे लिहायची. मात्र तोच मुलगा दाखल झाला, आठवड्याने सुटला आणि डिस्चार्जच्या कागदावरही ‘बहुधा बायपोलर’ असेच राहिले, तर रुग्णालयाच्या बिलावर एफ ३१.९ जातो. म्हणजे बायपोलर आजार. ‘बहुधा’ गळून पडतो. कारण असे देतात की तपासण्या आणि उपचार आजार आहे असे धरूनच झाले, तेव्हा खर्चही तसाच मांडायचा. हिशेबाला हे पटते. मला अजून पूर्ण पटलेले नाही.

कारण बिल फेडले गेले तरी कोड नोंदीत राहतो. आजार आधीपासून आहे म्हणून आरोग्य विमा नाकारणे तिकडे २०१४ पासून बंद झाले. आयुर्विम्याला ते बंधन नाही. पाच वर्षांनी तो मुलगा अर्ज भरील, तेव्हा जुनी नोंद समोर येऊ शकते.

आधीच्या पानांवर वेगळेच काही असेल, उदाहरणार्थ ‘नशेचा परिणाम असावा’, तर आम्ही डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवतो. त्यालाही पथ्य आहे. ‘हा बायपोलर नाही ना?’ असे सुचवून विचारायचे नाही. नोंदी समोर ठेवायच्या आणि निदान स्पष्ट करा, एवढेच म्हणायचे.

कधी उत्तर येते, ‘बायपोलर नाही’. मग तो कोड निघतो. कधी येते, ‘आत्ताच सांगता येत नाही’. मग ‘बहुधा’ तसाच राहतो आणि मी एफ ३१.९ टाकून पुढची फाइल उघडते.